तेवीस चितळं की तेवीस वेळा चितळ? टॅलीच्या खुणांबद्दल एक तक्रार

नागपुरात वाढलेल्या कुणालाही बुद्धपौर्णिमेचं मचाण समजावून सांगायला नको. मे महिन्यात जंगलातले बहुतेक पाणवठे आटलेले असतात, उरलेल्या पाणवठ्यांवर प्राणी येतातच आणि रात्रभर चांदणं असतं. म्हणून ताडोबा, पेंच, नागझिऱ्यात लोक याच रात्री प्राणी मोजायला बसत आले. आता वन विभाग या कार्यक्रमाला 'निसर्गानुभव' म्हणतो.

एमएस्सीला असताना मीही एकदा बसले. कागदावर प्राण्यांची नावं, पुढे मोकळी जागा. चितळ दिसलं की एक रेघ, पाचवी आडवी. सकाळी चितळापुढे चार जुड्या आणि वर तीन रेघा होत्या. तेवीस! परतताना एका सीनियर दादाने विचारलं, "तेवीस चितळं, की तेवीस वेळा चितळ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही, कारण ते त्या कागदावरच नाही.

तक्रार करण्याआधी टॅलीचं श्रेय तिला देऊ. शाळेत आपण या 'ताळ्याच्या खुणा' वारंवारता सारणीत भरल्या. पाचाची जुडी का, हे मात्र कुणी सांगितलं नाही. १८७१ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अभ्यासकाने खोक्यात घेवड्यासारख्या काळ्या बिया टाकून त्या एका नजरेत किती ओळखू येतात ते पाहिलं. चारपर्यंत त्याची चूक झाली नाही, पाचपासून व्हायला लागली. म्हणजे आपली नजर जिथे डगमगते, नेमकी तिथेच आडवी रेघ येते. शिवाय मोजताना मान वर ठेवता येते, आकडा डोक्यात धरून ठेवावा लागत नाही. इतकं स्वस्त आणि चांगलं साधन दुसरं नाही.

मग अडतं कुठे? टॅली एक गोष्ट गृहीत धरते: एक वस्तू, एक रेघ. हे गृहीतक सांभाळायचं काम रेघ करत नाही, ते तुम्हाला करावं लागतं.

प्रयोगशाळेत आपण ते नकळत करतो. रक्ताच्या स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी प्रकारानुसार मोजताना स्लाइड नागमोडी सरकवतात, म्हणजे तीच पेशी पुन्हा नजरेखाली येत नाही. पेट्री डिशवरच्या जिवाणूंच्या वसाहती मोजताना काचेच्या मागून पेनाने ठिपका देतात. इथे खूण कागदावर नाही, मोजलेल्या वस्तूवरच पडते. पाणवठ्यावर मात्र चितळाच्या पाठीवर कोण ठिपका देणार? तेच चितळ पाणी पिऊन जातं, तासाभराने परत येतं, आणि आपण इमानदारीने आणखी एक रेघ ओढतो.

हा फक्त हौशी लोकांचा घोटाळा नाही. देशात कित्येक वर्षं वाघ पंजाच्या ठशांवरून मोजले. कोणता ठसा कोणत्या वाघाचा, हे ठरवणारा माणूसच असायचा. सरिस्कात कागदावर वाघ होते. २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅपवर भर आला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणजे खूण वाघाच्याच अंगावर. २००६ च्या गणनेत देशाचा अंदाज १,४११ वर आला. आधीच्या आकड्यांपेक्षा तो खूप कमी होता.

आता माझ्या कागदाकडे परत येऊ. समजा मी रेघांऐवजी असं लिहिलं असतं: संध्याकाळी ६.१० ला ४, ७.४० ला ७, पहाटे ४.३० ला ५, ५.५० ला ७. बेरीज तीच, तेवीस. पण आता मी ठामपणे म्हणू शकते की किमान सात वेगवेगळी चितळं आली, कारण सात एकाच वेळी दिसली. ती कधी येतात, कळप केवढा, हेही हाती लागतं. या चार ओळींवरून टॅली कधीही करता येते. टॅलीवरून या चार ओळी परत मिळत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: टॅली ही बेरीज आहे, नोंद नाही. आणि बेरीज टेबलावर बसून करायची असते.

तुम्ही डेझर्टेशनसाठी पहिल्यांदा फील्डवर जाणार असाल तर आदल्या रात्री स्वतःला दोन प्रश्न विचारा. एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ शकते का? आणि सहा महिन्यांनी गाइडने "हे कधी, कुठे?" विचारलं तर कागद उत्तर देईल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल, तर खुशाल रेघा ओढा. व्हरायटी चौकात तासाभरात किती सायकली गेल्या हाच प्रश्न असेल, तर एकच सायकल दोनदा गेली तरी बिघडत नाही, आणि दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना केला की टॅलीसारखं काही नाही. नाहीतर वेळ, संख्या आणि जागा असे तीन रकाने आखून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. माझी मात्र एक अख्खी रात्र गेली.