आक्रमक म्हणजे नक्की किती? पोकरमधल्या एका आकड्याची झडती

सिनॉप्सिस लिहिताना गाईड हमखास विचारतात, "हे तू मोजणार कसं?" मोजमाप कुठे फसतं ते बघायला पोकरमधलं एक उदाहरण घेऊया. पोकर येत नसेल तरी चालेल.

ऑनलाइन पोकर खेळणारे बरेच जण प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव साठवणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात एक लाडका आकडा असतो, अ‍ॅग्रेशन फॅक्टर. सूत्र सोपं आहे: खेळाडूने किती वेळा स्वतःहून पैसे लावले किंवा वाढवले, भागिले त्याने किती वेळा नुसता कॉल केला, म्हणजे दुसऱ्याने लावले तेवढेच भरले. साधारणपणे हे पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यानंतरचं मोजतात. आकडा मोठा, म्हणजे माणूस आक्रमक. माझ्या मते समोरच्याची शैली वाचायला हा आकडा एकटा जवळजवळ निरुपयोगी आहे.

समजण्यासाठी शंभर डावांतले दोन कल्पित खेळाडू घ्या. पहिल्याने 8 वेळा पैसे लावले, 2 वेळा कॉल केला. दुसऱ्याने 60 वेळा लावले, 15 वेळा कॉल केला. दोघांचा आकडा 4. आता न सांगितलेली गोष्ट: पहिल्याने 22 वेळा पत्ते टाकून दिले, म्हणजे फोल्ड केलं. दुसऱ्याने फक्त 15 वेळा. पहिला खरं तर भित्रा आहे. चांगले पत्ते आले की लावतो, नाहीतर पळतो. त्याने पैसे लावले की आपण निमूटपणे बाजूला व्हावं. दुसऱ्याकडे इतक्या वेळा चांगले पत्ते असणं अवघड, त्याला अडवायला हवं. आकडा तोच, पण वागायचं अगदी उलट!

गडबड छेदात आहे. फोल्ड तिथे मोजलेच नाहीत. म्हणून पुढे अ‍ॅग्रेशन फ्रिक्वेन्सी नावाचं माप आलं, त्यात छेदामध्ये फोल्डही धरतात. मग पहिला 32 पैकी 8, म्हणजे 25 टक्के. दुसरा 90 पैकी 60, सुमारे 67 टक्के. आता कुठे चेहरे वेगळे दिसायला लागले. तुमच्या प्रबंधात कुठे गुणोत्तर असेल, तर छेदातून कोण गळलंय ते आधी शोधा.

शिवाय पहिल्याचे कॉल दोनच. त्यातला एक कमी झाला असता तर 4 चा थेट 8 झाला असता. कॉल शून्य असता तर भागाकारच नाही. (तरी लोक असे आकडे बघून खरे पैसे लावतात.)

पण सुधारलेलं मापही एका ठिकाणी हात टेकतं. आक्रमक खेळाडूने पैसे लावले आणि सगळ्यांनी माघार घेतली, तर त्याचे पत्ते कुणालाच दिसत नाहीत. म्हणजे त्याचे यशस्वी ब्लफ आपल्या डेटात ब्लफ म्हणून कधी येतच नाहीत. दिसतात ते कुणीतरी अडवल्यावर उघडलेले पत्ते. हा नमुना रँडम नाही, आणि शंभराचे हजार डाव केले तरी तो रँडम होणार नाही.

यावर कुणी म्हणेल, समोरच्याला वाचायचंच कशाला? 2019 मध्ये नोआम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी 'सायन्स'मध्ये मांडलेला प्लुरिबस हा प्रोग्रॅम प्रतिस्पर्ध्याच्या सवयींप्रमाणे स्वतःला बदलत नव्हता. तरी सहा जणांच्या टेबलावर तो व्यावसायिक खेळाडूंना भारी पडला. मुद्दा रास्त आहे. पण व्यावसायिकांच्या खेळात सहज हेरता येतील अशा चुका कमी असतात. सारखे ब्लफ मारणारा नवखा समोर असेल, तर त्याची सवय ओळखणारा जास्त कमावतो.

मग ओळखायचं काय? पॉटमध्ये 100 आहेत आणि त्याने शेवटच्या फेरीत 100 लावले. आपल्या पत्त्यांनी फक्त त्याचा ब्लफच हरणार आहे. 100 भरून 200 मिळवायचे, म्हणजे अशा तीन वेळांपैकी एकापेक्षा जास्त वेळा तो ब्लफ करत असेल तरच कॉल परवडतो. आपल्याला हवंय ते हे प्रमाण, या जागेचं, या रकमेचं. अ‍ॅग्रेशन फॅक्टर 4 आहे म्हटल्यावर ते एक तृतीयांशाच्या वर आहे की खाली, हे सांगताच येत नाही.