तकाकीचा बेत

भिंगार आशिया खंडात आहे, याबद्दल आजवर कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही. 1707 साली औरंगजेबाने इथल्याच छावणीत डोळे मिटले, तेव्हाही ते आशियातच होतं. तरीही आमच्या भाच्याने गच्चीवर ग्रिल मांडून 'मामा, आज एशियन बेत आहे' असं जाहीर केलं, तेव्हा आपण रोज कुठल्या खंडातलं जेवतो, असा मला प्रश्न पडला. एशियन म्हणजे जपान, कोरिया, इंडोनेशिया वगैरे. वांग्याचं भरीत त्यात बसत नाही. भारताला इतक्या सहजपणे आशियाबाहेर काढणं फक्त हॉटेलच्या मेनूकार्डालाच जमतं.

बेतात कोंबडीचं साते होतं. हा पदार्थ इंडोनेशियाचा. मांसाचे तुकडे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजायचे आणि शेंगदाण्याच्या दाट रश्शाबरोबर खायचे. आता शेंगदाण्याच्या बाबतीत नगरकडच्या माणसाला कुणी शिकवू नये. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे त्यांच्याकडेही पाहुणा आणि आमच्याकडेही. पण आमच्याकडे तो घरजावई होऊन बसला आहे. त्या अधिकाराने सांगतो, रस्सा फक्कड जमला होता. चिंच-गुळाचं भांडण नव्हतं, लसणाने हात आखडता घेतला नव्हता. कोंबडीला गवती चहा वाटून चोळला होता. पावसाळ्यात चहात उकळायची ती पात कोंबडीलाही शोभते, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरं पनीरचं तेरियाकी. जपानीत 'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणं. सोया सॉस आणि साखरेचा पाक शेवटी शेवटी फासायचा, कारण आधी फासला तर साखर जळते. भाच्याने तो तीनदा फासला. दोनदा चवीसाठी आणि तिसऱ्यांदा, पनीर खाली उतरल्यावर, फोटोसाठी.

इथून बेत घसरला. काड्या पंख्यासारख्या मांडल्या गेल्या. वर तीळ, कांद्याची पात. हिने बॅटरी धरली, मी सावली पडू नये म्हणून टाकीमागे उभा राहिलो. मग ताट फिरलं, बॅटरी फिरली, पुन्हा ताट फिरलं. फोटो मात्र झकास आला, खोटं कशाला बोलू! पण भाजलेल्या पदार्थाचं खरं आयुष्य निखारा ते तोंड एवढंच. ते फोटोतच संपलं. पनीर खोडरबर झालं होतं, आणि सात्यात काडी कुठली नि कोंबडी कुठली हे दातांना विचारावं लागत होतं.

माझी तक्रार फोटोवर नाही. काय रांधायचं तेच आता कॅमेरा ठरवतो, त्यावर आहे. थंडीत आमच्याकडे ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, हातावर चोळतात, फुंकर मारून फोलपटं उडवतात आणि चटके बसत असतानाच लसणाच्या चटणीबरोबर हुरडा तोंडात टाकतात. गार झाला की त्यात राम नाही. मी भाच्याला तो सुचवला. तो म्हणाला, "काढून बघितला होता मामा. राखाडी हात आणि हिरवट दाणे. काहीच दिसत नाही!" हुरडा बाद. भरीत तर आधीच बाद. त्याच्या रंगाविषयी मीही जास्त बोलत नाही.

पुढच्या रविवारी कोरियन बुलगोगी आहे. 'बुल' म्हणजे आग, 'गोगी' म्हणजे मांस. नावात तकाकी कुठेच नाही, त्यामुळे मी थोडा आशेवर आहे.