पूर्वज विकत घेताना

पुस्तकांची समीक्षा होते, सिनेमाची होते. आज आपण काही वस्तूंची समीक्षा करूया. आपल्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी बाजारात ज्या चित्रविचित्र वस्तू येतात, त्यांची. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा छंद फार मोठा आहे. सॉल्ट लेक सिटीत ‘रूट्सटेक’ नावाचं वार्षिक संमेलनच भरतं, आणि जिथे हौस तिथे दुकान आलंच.

माझी कसोटी साधी आहे. ही वस्तू मला शोधायला मदत करते, की सापडल्याचं समाधान तेवढं विकते?

सगळ्यात जुना माल घ्या. आडनावाचं मानचिन्ह छापलेला मग, ढाल, किचेन. आडनाव सांगा, सिंह आणि गरुड घरी न्या. आता लंडनचं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही इंग्लंडमधली मानचिन्हांची अधिकृत संस्था, १४८४ सालची. तिचं म्हणणं स्पष्ट आहे: आडनावाला मानचिन्ह नसतं. ते एका व्यक्तीला दिलं जातं आणि तिच्या वंशजांकडे जातं. म्हणजे त्या मगावरचा सिंह दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. पण मग निदान फुटतो तरी! खोटी माहिती एकदा वंशावळीत शिरली की ती फुटत नाही, पुढची पिढी तिची नक्कल करते.

म्हणून मला दुसऱ्या वस्तूची जास्त काळजी वाटते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मायहेरिटेज या कंपनीने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ आणलं. जुना फोटो टाका. पणजोबा मान वळवतात, पापण्या मिटतात, हसतात. बघून लोक रडले. ते रडणं खरंच होतं, त्याची थट्टा मी करणार नाही. पण ते हसू कुणाचं? या तंत्रात आधी दुसऱ्याच माणसाच्या हालचाली चित्रित केलेल्या असतात आणि त्या फोटोतल्या चेहऱ्यावर बसवल्या जातात. पणजोबा तसे हसायचे का, ते हसायचे तरी का, याचं उत्तर फोटोत नव्हतं आणि व्हिडिओतही नाही. सुरुवातीला कंपनीने आवाज मुद्दाम ठेवला नव्हता, गैरवापर होऊ नये म्हणून. हा विवेक चांगलाच होता. पण २०२२ मध्ये त्याच कंपनीने पूर्वजांना बोलायला लावणारी सोयही काढली. घरात ज्यांनी पणजोबांना पाहिलंय अशी एखादीच आत्या उरलेली असते. तिला विचारायचं सोडून आपण मोबाईलकडे बघत बसलो, तर नुकसान कुणाचं?

तिसरी वस्तू म्हणजे डीएनए किट. नळीत लाळ पाठवा, टक्केवारी मिळवा. ही टक्केवारी म्हणजे कंपनीकडच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेला अंदाज असतो. नमुने वाढले की आकडे बदलतात, लाळ मात्र तीच! २०१८ मध्ये अ‍ॅन्सेस्ट्री आणि स्पॉटिफाय यांनी या प्रदेशांवरून गाण्यांची यादी बनवून द्यायला सुरुवात केली. रक्तात प्रदेश सापडला, तर गाणंही रक्तातच असणार, असा हा हिशेब. पण गाणं रक्तातून येत नाही हो, ते कुणीतरी आपल्याला म्हणून दाखवलेलं असतं.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरट्यांनी उघडली आणि नातेवाईक जोडण्याच्या सोयीतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांची जनुकीय माहिती मालमत्ता म्हणून विक्रीच्या यादीत आली. लक्षात घ्या, लाळ एकट्याची असली तरी माहिती भावाबहिणींची, मुलांचीही असते. त्यांना कुणी विचारलं होतं?

मग सगळंच टाकाऊ का? नाही. ‘फ्लिप-पाल’ नावाचा बॅटरीवरचा छोटा स्कॅनर बाजारात आला होता. त्याचं झाकण काढून तो अल्बमवर पालथा ठेवायचा. चिकटलेला फोटो उचकटावा लागत नाही. दिसायला अगदी सामान्य. पण तो मूळ वस्तूला धक्का लावत नाही आणि स्वतःचं काही घुसडत नाही. माझ्या मते या सगळ्या बाजारातली ही सगळ्यात सुसंस्कृत वस्तू.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवा. यात्रेला आलेला माणूस स्वतःचं नाव, गाव, भावांची-मुलांची नावं लिहून जायचा, कितीदा तरी मोडीत. त्यात चूक असेल, कुणी गाळलेलं असेल. बायकांची नावं तर शोधावीच लागतात. पण कुणी लिहिलं ते दिसतं, आणि दुसऱ्या कागदाशी ताडून बघता येतं. मोडी शिकायला कष्ट पडतात, हे खरं. त्या कष्टांची जागा घेणारं खेळणं विकायला येईल तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा: यातलं माझ्या माणसाचं किती, आणि तुम्ही घातलेलं किती?

उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा आणि आत्याला फोन लावा. आता तुमचे प्रश्न घेऊया.