अधोरेखितांचे स्थलांतर

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी चढल्या, तेव्हा कुरुंदवाडातल्या आमच्या घरातली खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर ती गच्चीवर वाळत घातली. समासात शाईच्या पेनाने लिहिलेले सारे विरघळून निळसर डाग उरले होते. पेन्सिलीच्या रेषा मात्र जागच्या जागी होत्या. त्यानंतर मी ई-बुकांकडे वळलो. मराठी कादंबरीतील नदी हा माझा अभ्यासविषय. हजारभर अधोरेखिते वाचनयंत्रातून टिपणांच्या ॲपमध्ये आणायची, तर त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न मला सुरुवातीला सोयीचा वाटला होता. तो पाठचिकित्सेचा आहे, हे एका चुकीने शिकवले.

ती चूक अशी. एका निबंधात मी उद्धृत केलेल्या वाक्यात ‘डोंगर-दऱ्या’ऐवजी ‘डोंगर-दर्या’ छापून आले. एका जाणत्या वाचकाने पत्र लिहून विचारले, मूळ पाठ असाच आहे का, आणि कोणत्या पृष्ठावर? मी टिपण उघडले. तिथेही ‘दर्या’च होते. पृष्ठाच्या जागी होता नुसता एक स्थानक्रमांक. माझ्याकडे दोन्ही प्रश्नांचे उत्तर नव्हते.

हे घडते कसे? ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. शोधपेटीत एक रूप टाकले तर दुसरे सापडेलच असे नाही. आणि मजकूर या ॲपमधून त्या ॲपमध्ये जाताना अदृश्य चिन्हे कचरा समजून गाळली गेली, तर उरतो रफार. दरीचा समुद्र होतो. ‘ॲ’चीही अशीच कथा: हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, त्याआधीच्या मजकुरात तोच उच्चार इतर चिन्हांनी भागवलेला आढळतो. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या परीक्षणांत या गोष्टींना जागा नसते, कारण त्या वाचकाला हा प्रश्नच पडत नाही.

म्हणून मी ही साधने तीन कसोट्यांवर तपासली. पाठ शुद्ध राहतो का? संदर्भ सोबत येतो का? आणि साधन बंद पडले तर टिपणे माझ्याकडे राहतात का?

किंडलवर मराठी पुस्तके 2016 च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळू लागली. या यंत्रात आपण केलेली प्रत्येक खूण एका साध्या मजकूर-फाइलमध्ये जमा होते. दोन नोंदींमध्ये बरोबरीच्या दहा चिन्हांची ओळ असते. फाइल साधी आहे हे तिचे बळ. पण तिच्यात दोष आहेत. खुणेची लांबी बदलली तर जुनी नोंद तशीच राहून नवी खाली येते. खोडलेली खूणही तिथे जिवंत असते. त्याहून गंभीर म्हणजे वाचकाने लिहिलेला शेरा ही स्वतंत्र नोंद ठरते. वाक्य एकीकडे आणि त्याच्यावरचे माझे म्हणणे दुसरीकडे. दोघांना जोडणारा धागा फक्त स्थानक्रमांक. शिवाय पुस्तकाच्या ठराविक हिश्श्यापलीकडे उतारे घेता येत नाहीत. ती मर्यादा प्रकाशक ठरवतो. चार वाक्यांवर खूण करणाऱ्याला ती कधी कळणार नाही. समीक्षकाला कळते.

रीडवाइजसारखी सशुल्क सेवा हे सारे आपोआप गोळा करून नोशन, ऑब्सिडियन वगैरे ॲपमध्ये पोचवते. तिचे काम नेटके आहे, हे मान्य करायला हवे. पण ती सेवा आहे. वर्गणी थांबली की वाट थांबते. पॉकेट 2025 च्या जुलैत बंद झाले, ऑम्निव्होर 2024 च्या नोव्हेंबरात. त्यांवर विसंबलेल्या वाचकांना मुदतीत आपली गाठोडी बांधावी लागली. पुराच्या गावात राहणाऱ्याला ही भाषा नवी नाही.

दुसऱ्या टोकाला केओरीडर हे मुक्त वाचन-सॉफ्टवेअर. ते खुणा पुस्तकाशेजारच्या एका फाइलमध्ये ठेवते आणि साध्या मजकुरात काढून देते. ते बसवायला थोडी खटपट पडते. ऑब्सिडियन आपली टिपणे आपल्याच संगणकावर साध्या फाइलींत ठेवते. उद्या ते नाहीसे झाले तरी फाइली कोणत्याही संपादकात उघडतील.

इथे मला आमच्याच गावच्या एका माणसाची आठवण होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडात जन्मले. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी घडवली. तिच्यात स्वराचा काळ दाखवायला स्वराखाली वेगवेगळ्या चिन्हांची योजना आहे. भातखंड्यांनी एका मात्रेतल्या स्वरांना खालून एक कमान देऊन काम भागवले. सूक्ष्मतेत पलुस्करांची लिपी कमी नाही, तरी छापील पुस्तकांत भातखंडे पद्धतीचा वावर अधिक दिसतो. याची कारणे अनेक असतील. लिहायला-छापायला सोपी असणे हे त्यांतले एक असावे, असे मला वाटते. टिपणांच्या ॲपबद्दलही माझा कौल याच बाजूला आहे. रंगीत खुणा, आपोआप जुळणारे दुवे, आलेखांची जाळी हे सारे त्या त्या ॲपपुरते असते. साधा मजकूर सगळीकडे जातो.

संदर्भाच्या कसोटीसाठी पुण्याकडे पाहावे. डेक्कन कॉलेजात 1948 साली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. पहिल्या खंडाचा प्रारंभ छापून यायला 1976 उजाडले. या चिठ्ठीचे मोल तिच्यावरच्या शब्दाइतकेच तिच्यावरच्या स्थलनिर्देशात आहे: ग्रंथ कोणता, कुठला भाग, कोणते वाक्य. म्हणूनच लिहिणारा गेल्यावरही दुसरा अभ्यासक ती चिठ्ठी पडताळू शकतो. आपले सिंक केलेले अधोरेखित या परीक्षेत बहुधा नापास होते. ई-बुकात अक्षराचा आकार वाढवला की पडद्यावरचे पान बदलते. छापील आवृत्तीचे पृष्ठांक पुस्तकात घातलेले असतीलच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हातानेच उतरवा. मी तसे म्हणणार नाही. हाताने उतरवलेल्या माझ्या जुन्या वह्यांत गाळलेले शब्द आहेत, चुकलेले पृष्ठांक आहेत, आणि त्यांत ‘डोह’ हा शब्द शोधायला मला अख्खा दिवस लागतो. शिवाय मराठीत कित्येक पुस्तके केवळ छायाप्रतींच्या रूपात आहेत. तिथे खूण म्हणजे चित्रावरची चौकट. जुन्या फाँटांत जुळवलेल्या पुस्तकांतला उतारा घ्यावा, तर रोमन अक्षरांचा गोंधळ हाती येतो. अशा ठिकाणी हाताला पर्याय नाही, इतरत्र आहे. माझा आक्षेप आपोआप येण्याला नाही, तपासल्याविना येण्याला आहे.

तेव्हा माझी निवड अशी: वाचन केओरीडरवर, टिपणे ऑब्सिडियनमध्ये, प्रत्येक पुस्तकाची एक साधी फाइल. खुणा आल्या की त्याच आठवड्यात त्या मुळाशी ताडतो, प्रकरणाचे नाव आणि आधीचे-नंतरचे एकेक वाक्य हाताने घालतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द एकाच रूपात आणतो. हजारांपैकी साडेतीनशेच टिपणे उरली. बाकीच्यांवर मी खूण का केली होती, ते मलाच सांगता येईना.

पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाला मी पुढच्या अंकात दुरुस्ती छापून उत्तर दिले, छापील प्रत मिळवून पृष्ठांकासह. आता दरवर्षी मृगाआधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतो आणि बहिणीच्या घरी ठेवतो. तिचे घर उंचावर आहे.