पिंगट केसांचे वाचन : देहखूण आणि मूळकथा

एडगर थर्स्टन हे १८८५ ते १९०८ या काळात मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, शासकीय संग्रहालयाचे अधीक्षक होते. दक्षिण भारतातील विविध जातीजमातींच्या माणसांची डोकी व नाके त्यांनी मोजली. के. रंगाचारी यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले त्यांचे सात खंडांचे जातिवर्णन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. देह हा कुळाचा दस्तऐवज आहे, हे या उपक्रमामागील गृहीतक होय. मराठी समाजात त्याचा ठळक प्रत्यय चित्पावनांविषयीच्या चर्चेत येतो. घारे डोळे, गोरा वर्ण आणि क्वचित आढळणारे पिंगट केस यांच्या आधारे त्यांचे पूर्वज कधी इराणी, कधी ज्यू, तर कधी ग्रीक ठरविले गेले.

वस्तुतः आपल्या परंपरेतच या खुणेचे वाचन एकसारखे नाही. पाणिनीच्या २.२.६ या सूत्रावरील महाभाष्यात पतंजली गौर वर्ण व कपिल केस यांची गणना ब्राह्मणाच्या लक्षणांत करतो. उलट मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कपिल वर्णाची कन्या विवाहास वर्ज्य मानली आहे. एकच रंग एका संहितेत प्रतिष्ठेची खूण ठरतो, तर दुसरीत वैगुण्य. अर्थ रंगात नसून वाचणाऱ्याच्या प्रयोजनात आहे.

मूळकथांकडे वळले की हे अधिक स्पष्ट होते. गेर्सन द कुन्या यांनी १८७७ मध्ये संपादित केलेल्या 'सह्याद्रिखंडा'त परशुराम कोळ्यांच्या साठ कुळांना ब्राह्मणत्व देतो; लोककथेत तो किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते सजीव करतो. चित्पावनांची परंपरागत गोत्रे चौदा आणि मूळ आडनावे साठ मानली जातात, हे येथे लक्षात घ्यावे लागते. विद्यमान समाजरचनेला कथेने आरंभ पुरविला आहे. कोकणातीलच बेने इस्रायल समाजाच्या कथेतही नौगावजवळ फुटलेल्या गलबतातून सात जोडपी, म्हणजे चौदाच माणसे, वाचतात. तेव्हा गलबतफुटी हा या किनाऱ्यावरील कथनाचा सामायिक आदिबंध मानावा लागतो. तिला प्रवासाची नोंद समजणे धाडसाचे होईल.

अलीकडील जनुकशास्त्रही अशा दाव्यांना सहज आधार देत नाही. त्वचा उजळ करणाऱ्या एका प्रमुख जनुकभेदाचे मूळ दक्षिण आशियाई व युरोपीय लोकांत एकच असल्याचे २०१३ मधील संशोधनाने दाखविले. २०१९ मधील प्राचीन जनुकद्रव्याच्या अभ्यासानुसार गवताळ मैदानी प्रदेशातील पशुपालकांचा वारसा उपखंडातील अनेक समाजांत कमीअधिक प्रमाणात आहे. तो एका जातीची मिरास नाही. तांबडे केस बहुधा अप्रकट गुण म्हणून वाहत येतात आणि काळ्या केसांच्या आईबापांच्या पोटीही प्रकटतात. प्रथिनांच्या तीव्र अभावानेही मुलांचे केस तांबूस होतात. कुपोषित मुलाच्या अशा केसांत मात्र कोणी ग्रीक पूर्वज शोधीत नाही. देहखुणेचा अर्थ जातीची प्रतिष्ठा पाहून ठरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. म्हणून मूळकथांच्या तौलनिक अभ्यासकाने केसांच्या रंगाआधी तो वाचणारी दृष्टी तपासली पाहिजे.