‘सोनघंटा’ या नावाची परीक्षा

दुर्मिळ वनस्पतीचे मराठी नाव तिच्या निश्चितीस कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न कसोशीने तपासण्याजोगा आहे. आंबा घाटातील ज्या झुडपाचे वर्णन वुड्रो व स्टाफ यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यास संग्राहक रानडे यांच्या सन्मानार्थ ‘अ‍ॅब्युटिलॉन रानडेई’ हे नाव मिळाले. त्यातील जातिवाचक पद रानड्यांचे स्मरण राखते; झुडपाविषयी काही सांगत नाही. ‘सोनघंटा’ हे मराठी नाव मात्र दोन लक्षणे सांगू पाहते.

त्यांपैकी ‘सोन’ हे पद दुबळे होय. हातकणंगले परिसरात वाटेच्या कडेने उगवणाऱ्या पेटारीचे फूल पिवळे, आणि सह्याद्रीतील रानभेंडीचेही पिवळेच. सोनघंटेच्या नारिंगी-पिवळ्या पाकळ्यांवरील लालसर शिरांची खूण या पदात येत नाही. ‘घंटा’ हे पद त्याहून सार्थ आहे. कारण फूल खाली झुकलेले असून त्याचा संवर्त मोठा व घंटाकृती असतो. तथापि नमुना दाबून वाळविला म्हणजे घंटा चपटी होते, झुकाव नाहीसा होतो आणि रंगही उडतो.

म्हणून निर्णय अधिक टिकाऊ लक्षणांवर सोपवावा लागतो. अ‍ॅब्युटिलॉन प्रजातीत अपिसंवर्त नसतो. रानभेंडीत तो असतो, परंतु लवकर गळतो. तेव्हा केवळ त्याच्या अभावावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. फळ पाहावे: रानभेंडीचे बोंड शकलांनी उकलते, तर अ‍ॅब्युटिलॉनचे फळ पालिभेदी असून त्याचे किंजदल सुटे होतात. प्रजाती अशी ठरल्यावरच संवर्ताचा आकार व फुलाचा झुकाव जातीची साक्ष देतात.

डॉ. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथापासून (१९०१–१९०८) यादव व सरदेसाई यांच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतिग्रंथापर्यंत (२००२) ग्रंथसाहाय्य उपलब्ध आहे. परंतु झुडपापाशी उभे राहून केलेल्या टिपणाची जागा ग्रंथ घेऊ शकत नाही. ज्या जातीची झुडपे मोजकीच उरली आहेत, तिची फुलेफळे केवळ खात्रीसाठी खुडणे म्हणजे उद्याचे बीज आज खर्ची घालणे होय. विद्यार्थ्याने प्रजातीची लक्षणे घराजवळच्या पेटारीवर पक्की करावीत. सोनघंटेपाशी भिंग, मोजपट्टी व टिपणवही घेऊन जावे. नाव शोधास प्रवृत्त करील. निर्णय मात्र लक्षणांनीच द्यावयाचा आहे.