जॉन हडसनचें वय व शिक्षेची मुदत

इंग्लंडांतून ऑस्ट्रेलियांत धाडलेल्या पहिल्या बंदिवान-आरमारांतील सर्वांत लहान कैदी म्हणून जॉन हडसन याचें नांव ग्रंथांतरीं वारंवार येतें. त्याचें चरित्र म्हणून जें सांगतात तें सर्व पांचसहा कागदांवर उभें आहे. आणि ते कागद त्याला धरणाऱ्यांनीं, मोजणाऱ्यांनीं व मारणाऱ्यांनीं लिहिलेले आहेत. सबब ते पुन्हां एकदां ताडून पाहणें अगत्याचें वाटलें.

पैकीं सर्वांत मोलाचा कागद लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांतील १० डिसेंबर १७८३ च्या खटल्याचा. ईस्ट स्मिथफील्ड भागांतील एका घरांत शिरून सदरा, रेशमी पायमोजे, पिस्तूल व दोन एप्रन चोरल्याचा आरोप. न्यायाधीशानें विचारतां मुलानें आपण नवव्यांत असल्याचें, अधूनमधून धुराडीं झाडीत असल्याचें व आईबाप वारल्याचें सांगितलें. ते वारून किती काळ झाला, हें त्याला सांगतां आलें नाहीं. पोराचा कबुलीजबाब पुराव्यांत घेण्यास न्यायाधीश नाखूष होता. पंचांनीं रात्रींच्या घरफोडीच्या आरोपांतून त्याला मुक्त केलें व चोरीपुरता दोषी ठरविलें. घरफोडीला देहान्त होता. चोरीबद्दल सात वर्षें समुद्रपार. हा वृत्तांत न्यायालयाचें अस्सल दप्तर नव्हे. लघुलेखकानें टिपून विक्रीसाठीं छापलेला आहे, हें विसरूं नये. तथापि इतकीं तोकडीं, स्वतःच्याहि उपयोगीं न पडणारीं उत्तरें कोणी रचील असें वाटत नाहीं.

आतां वयाचा प्रश्न. रॉबर्ट ह्यूज यांच्या ‘द फेटल शोअर’ (१९८७) या गाजलेल्या ग्रंथांत आरमारांतील हा मुलगा नऊ वर्षांचा म्हणून येतो. ही उघड गफलत आहे. नऊ हा आंकडा खटल्याच्या वेळचा. आरमार निघालें तें १३ मे १७८७ रोजीं. दुसरे लेखक तेरा वर्षें देतात. तोहि आंकडा मुलाच्या शब्दाशीं जुळत नाहीं. त्याचें उत्तर आपल्याकडील ‘नववें चालू’ याच अर्थाचें आहे. म्हणजे आठ पुरीं. तेव्हांपासून तीन वर्षें पांच महिने मोजले तर निघतेवेळीं तो अकरा किंवा फार तर बारा पुरीं केलेला ठरतो. अर्थात् ज्याला आईबापांच्या मृत्यूचा काळ ठाऊक नाहीं, त्याच्या स्वतःच्या वयाच्या सांगण्यावर भार किती द्यावा, हा प्रश्न राहतोच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईहून मॉरिशसला पाठविलेल्या कैद्यांच्या याद्या ज्यांच्या हातीं येतील, त्यांनाहि हीच अडचण पडेल.

मधला काळ थोडक्यांत सांगतों. अमेरिकेस निघालेल्या ‘मर्क्युरी’ जहाजावर एप्रिल १७८४ मध्यें कैद्यांनीं बंड केलें व जहाज टॉरबेला आणलें. हडसन पुन्हां धरला गेला. पुढें जवळजवळ तीन वर्षें प्लिमथच्या ‘डंकर्क’ या तरत्या तुरुंगांत. मग ‘फ्रेंडशिप’ जहाज, आणि जानेवारी १७८८ मध्यें ऑस्ट्रेलिया.

मार्च १७९० मध्यें त्याला ‘सिरियस’ जहाजानें नॉरफोक बेटावर पाठविलें. तें जहाज १९ मार्च रोजीं तेथेंच खडकावर फुटलें. फेब्रुवारी १७९१ मध्यें रात्रीं नऊनंतर झोंपडीबाहेर आढळल्याबद्दल हडसनला पन्नास फटके मारल्याची नोंद आहे. चरित्रकार हा त्याच्या उनाडपणाचा दाखला मानतात व पुढें जातात. मला येथेंच थांबावेंसें वाटतें. मुदत शिक्षेच्या तारखेपासून मोजली तर सात वर्षें डिसेंबर १७९० मध्येंच पुरीं झालीं होतीं! पण गव्हर्नर फिलिप यांजपाशीं कैद्यांच्या मुदतीचे कागद नव्हते. ते इंग्लंडांतच राहिले होते. १७८९ सालीं आपली मुदत संपली म्हणणाऱ्या एका कैद्यास सहाशें फटके व बेड्या मिळाल्या. निमित्त अधिकाऱ्याच्या बदनामीचें होतें. त्याचें म्हणणें खरें असल्याचें मागाहून ठरलें.

हडसनचे फटके बेकायदेशीर होते असें मी म्हणत नाहीं. रात्रींच्या बंदीचा हुकूम मुक्त माणसांसहि लागूं असणें शक्य आहे. परंतु त्या रात्रीं तो कैदीच होता असें धरून चालण्यास आधार नाहीं, इतकें निश्चित. फटक्यांच्या या नोंदीपाशीं त्याचा माग संपतो. तेवढ्यावरून तो बेटावर मेला असें लिहिणें उतावळेपणाचें आहे. शिक्षा संपलेला माणूसहि शिक्षेच्या वह्यांतून असाच नाहींसा होतो.